निरसं दूध

सोमवार, २ डिसेंबर २०२४

लातूरहून लेबलं आली. हिरव्या कागदावर शेळीचं चित्र, खाली 'शेळीचे शुद्ध निरसे दूध', आणि त्याखाली माझं नाव, वैजनाथ, मु. किल्लारी. वीस वर्षं मी किल्लारी-लातूर जीप चालवली. काचेवर देवाचं नाव होतं, माझं कुठंच नव्हतं. आज स्वतःचं नाव छापलेलं बघून आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी गठ्ठा पालथा करून फळीवर ठेवला. नाव लिहिलं म्हणजे जबाबदारीही त्याच माणसाची.

'निरसे' हा शब्द रेणुकादास गुरुजींचा. त्यांनी मला गावच्या शाळेत चौथी ते सातवी शिकवलं. आता लातूरला मुलाकडे असतात. दिवाळीला मी जीप विकून शेळ्या घेतल्या, घरच्या धरून चौदा झाल्या, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक तेच झाले. म्हणाले, "विस्तवाचा स्पर्श झाला नाही ते निरसं. तापवल्यावर त्यात उरतं काय? तू निरसं दे, लोक शोधत येतील." गुरुजींचं बोलणं मी कधी खोडलेलं नाही. पनीर आणि तूपही आम्ही करतो, पण नाव झालं ते निरशा दुधाचं. अकरा घरं लागली.

सकाळी तेच दूध तांब्यात घेऊन निळकंठेश्वराला गेलो. गुरवाने हात आडवा केला. "गाईचं आन. शेळीचं पिंडीला चालत न्हाई." तांब्या तसाच परत आणला. वाटेत मनात आलं, देवाला जे चालत नाही ते मी माणसांना देतोय. घरी आल्यावर बायकोला, अयोध्येला, हे सांगितलं, तर ती म्हणाली, "देव काय उपाशी बसलाय का तुमच्या दुधावाचून? लेकीला द्या."

लेक, राजकन्या, काल सासरहून आली. सहावा सरून सातवा लागलाय. मागच्या वर्षी पाचव्यातच गेलं, म्हणून या वेळी घरात कोणी 'बाळ' म्हणत नाही. आम्ही 'तारीख' म्हणतो. तारीख मार्चमधली आहे. उद्यापासून पहिल्या धारेचा पेला तिला द्यायचा, कोमट, फेसासकट.

शुक्रवार, ६ डिसेंबर

लातूरची फेरी, एक दिवसाआड असते. माझी जुनी जीप आता हनुमंत चालवतो. मी सवयीने पुढं बसायला गेलो तर म्हणतो, "मालक, मागं बसा. पुढची शीट सवारीला हाय. तुमच्या बाटल्याबी मागंच." सगळे हसले, मीही हसलो. उलट्या तोंडाने बसून तो रस्ता पहिल्यांदाच बघितला. सगळं आपल्यापासून लांब जाताना दिसतं.

गुरुजींच्या घरी दार त्यांच्या सूनबाईंनी उघडलं. मालविकाताई कॉलेजात शिकवतात. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला गाईचं दूध सोसत नाही, म्हणून शेळीचं. बाटली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "काका, हे तापवायचं ना?"

आतून गुरुजी म्हणाले, "अगं, लेबल वाच."

मी म्हणालो, "तापवलं की गुण जातो, ताई."

टायर चांगले आहेत असं मी सवारीला ज्या आवाजात सांगायचो, त्याच आवाजात हे सांगितलं. टायर मी स्वतः बघितलेले असायचे. हे मात्र ऐकीव आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

बाजारातून आणलेल्या दोन शेळ्यांपैकी बांडी आज गाभडली. दिवस भरायला महिना होता. दोन करडं, अंगावर केसही नीट आलेले नव्हते. करडांमागून पडायची वार अडकली होती, ती मी हातानेच काढली. थंडीने बोटांना भेगा पडल्यात. मिठाच्या पाण्याने हात धुतले तेव्हा झोंबलं.

शेजारची दानम्मा कुंपणापाशी उभी होती. जन्मभर शेळ्या वळलेली बाई. म्हणाली, "नजर लागली, वैजू. पोटुशा शेळीचा फोटू छापून गावभर वाटतेत का कुनी?"

"मावशे, ती चित्रातली शेळी आहे. गाभण न्हाई."

"तुला काय कळतंय चित्रातलं?"

मला हसू आलं नाही. करडं पोत्यात घालून शेताच्या कडेला पुरली. राजकन्या उठायच्या आत हे आटपायचं होतं. तिच्या दिवसांत तिने असलं काही बघू नये. आल्यावर तिचा पेला दारात ठेवला आणि बाटल्या भरायला गेलो. परत आलो तर पेला रिकामा होता. पेला रोज रिकामा असतो. तेवढंच समाधान.

शनिवार, २१ डिसेंबर

दुसरी गाभडली. पुन्हा पोतं, पुन्हा शेताची कड. या वेळी खोल खणलं.

राजकन्येने विचारलं, "आण्णा, बांडी कामून वरडून राहिली?"

"पाय मुरगळलाय."

"आन दुसरी?"

"तिला बघून तीबी वरडते."

ती माझ्याकडे बघत राहिली. लेकरू गेलेल्या बाईला असला आवाज ओळखू येत असेल का? मी नजर फिरवली आणि उगाच चाऱ्याच्या कुट्टीचं टोपलं उचललं.

मंगळवार, २४ डिसेंबर

चार दिवस झाले, दिवस मावळायला लागला की अंगात कणकण येते. कंबर धरते, मग घाम फुटतो आणि सकाळी सगळं साफ. ही भीती आहे हे मला कळतं. त्र्याण्णवच्या भूकंपात जमीन हलली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. त्यानंतर सहा महिने मला असाच घाम फुटायचा. तेव्हा आई अंगारा लावायची. आता मीच लावतो.

अयोध्येचं वेगळंच चाललंय. गुडघे धरून ओसरीवर बसून राहते. भाकरी टाकताना मध्येच टेकते. मी विचारलं तर "काय न्हाई" म्हणते. जीप विकल्याचा राग अजून गेलेला नाही, असं माझं मत आहे. ती रागावली की बोलत नाही, फक्त हळू चालते.

सोमवार, ३० डिसेंबर

तिसरी. ही आमच्या घरचीच, बाजारची नव्हे. आता नजर म्हणून भागणार नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉ. यज्ञेश आले. वय तिशीचंही नसेल. हातात मोजे, पायात रबरी बूट. सगळ्या शेळ्यांचं रक्त घेतलं, नळ्यांवर आकडे टाकले आणि लिहिता लिहिता विचारलं,

"काका, दूध लोकांना तापवूनच देता ना?"

"हाव. तापवूनच."

"वार काढताना हातात काही घातलं होतं?"

"हाव."

"घरात कुणाला ताप, सांधेदुखी?"

"न्हाई."

तीन प्रश्न, तीन खोटी उत्तरं. लेबलांचा गठ्ठा फळीवर होता. मी त्याच्यापुढं उभा राहिलो, म्हणजे त्यांना दिसू नये. माझ्या तापाचं मी बोललो नाही, कारण भीतीचा ताप डॉक्टरला काय सांगायचा?

ते म्हणाले, "मग ठीक आहे. रिपोर्ट येऊ द्या."

संध्याकाळी हरिपाठाला बसलो. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. आयुष्यात खोटं बोललोच नाही असं नाही. सवारीला 'पाच मिनिटांत निघतोय' म्हणायचो आणि अर्धा तास थांबायचो. पण त्याने कुणाच्या अंगाला काही लागत नव्हतं.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

डॉक्टरांचा फोन आला. चौदांपैकी पाच शेळ्या रोगी. रोगाचं इंग्रजी नाव सांगितलं, मला नीट उच्चारता येत नाही. शेळ्या गाभडतात तो हाच. पाचही वेगळ्या बांधा, विकू नका, पुढचं मी येऊन सांगतो, म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुम्ही दूध तापवून देता ते बरं आहे, नाहीतर हा कच्च्या दुधातून माणसात येतो."

मोबाईलवर त्यांनी एक पत्रक पाठवलं. गोठ्यात उभा राहून वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'गरोदर स्त्रियांनी विशेष काळजी घ्यावी, गर्भास धोका संभवतो.' त्यापुढं अक्षरं दिसेनात. बाकीचं वाचलं नाही. मोबाईल बंद करून कुट्टीच्या पोत्यावर बसलो.

तेहतीस दिवस. रोज एक पेला. माझ्या हाताने.

रविवार, ५ जानेवारी

राजकन्येला सांगितलं, "शेळ्या आटल्यात. आता दूध न्हाई." ती म्हणाली, "बरं." खाली बघत म्हणाली. तिला वाईट वाटलं असेल, पण तिने दाखवलं नाही.

शेळ्या आटलेल्या नाहीत. पाच वेगळ्या बांधल्या, नऊंचं काढलं, बाटल्या भरल्या आणि हनुमंतच्या जीपमधून लातूरला अकरा घरी गेल्या. खरं तर नऊ चांगल्याच आहेत. डॉक्टरांनी पाचच सांगितल्या. पण मग नऊंचं चांगलं असेल तर ते मी लेकीला का दिलं नाही? हा प्रश्न आज दिवसभर माझ्या मागे मागे फिरतोय. त्याच्याकडे वळून बघायची हिंमत होत नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

आजही बाटल्या गेल्या. उद्या थांबवू असं काल ठरवलं होतं. एकदा थांबलं की का थांबलं ते सांगावं लागेल. लेबलावर माझं नाव आहे.

राजकन्या अंगणात ज्वारी निवडत होती. मधेच तिने पोटावर हात ठेवला आणि थांबली. मी गोठ्यातून बघत होतो. ती हलेपर्यंत मीही हललो नाही. मग तिने हात काढून पुन्हा खडा उचलला. असं आज तीनदा झालं. विचारायची माझी छाती झाली नाही.

देवाला म्हणालो, तारीख नीट पार पडू दे. मग लाज वाटली. अकरा घरांचं नाव घेतलंच नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

काल पुन्हा बाटल्या गेल्या. आज सकाळी गुरुजींचा फोन.

"वैजनाथ, आमची नात जरा किरकिर करते आहे. संध्याकाळी अंग गरम लागतं, घाम येतो. अशक्तपणा असेल. उद्यापासून दोन बाटल्या पाठव."

मी समोर उद्यासाठी भरलेल्या बाटल्यांकडे बघत राहिलो.

"ऐकू येतंय ना रे?"

"गुरुजी, दूध बंद केलंय. शेळ्या आजारी हायेत."

"अरेरे. मग बरं झालं की कळव."

त्यांनी फोन ठेवला. मी बाटल्यांची बुचं काढली आणि एकेक बाटली उकिरड्यावर ओतली. अयोध्या भिंत धरत धरत दारापर्यंत आली. "येड लागलं का तुम्हाला?"

तिला सगळं सांगितलं. लेबल, डॉक्टर, तीन उत्तरं, पत्रक, आणि पेला. बोलताना मी तिच्या पायांकडे बघत होतो. घोटे सुजलेले होते. मला वाटलं ती ओरडेल. तिने एवढंच विचारलं, "पोरीच्या पोटातल्याला काय व्हतं?"

पहिल्यांदाच या घरात कुणी तारीख सोडून दुसरा शब्द उच्चारला. मी म्हणालो, "माहीत न्हाई."

"लातूरच्यांना सांगितलं?"

"आधी हिची तपासणी होऊ दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू चुलीपाशी जाऊन बसली. या वेळी तो राग नव्हता, हे मला कळलं.

शनिवार, ११ जानेवारी

लातूर. मोठा दवाखाना. केसपेपर काढणारी बाई म्हणाली, "तिघांचंही रक्त द्या, तुम्ही रोज गोठ्यात असता." राजकन्येला कारण सांगावंच लागलं. बाकावर बसून सांगितलं. 

तिने ऐकून घेतलं. मग आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आण्णा, मी ते दूध पेलेच न्हाई."

"काय?"

"पहिल्या दिवशी एक घोट घेतला. पोटात ढवळलं. मला त्या दुधाचा वासच सोसत न्हाई. तुमी एवढ्या आशेनं ठेवायचा, कसं सांगू म्हणून तुमी गेला की..."

"ओतलंस?"

"ओतणार व्हते. आईनं ओतू दिलं न्हाई."

अयोध्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "तुमच्या कष्टाचं. टाकवंना. मीच पीत व्हते."

तेहतीस पेले. मी तिच्या गुडघ्यांना राग म्हणत होतो. समोरच्या भिंतीवर रोगाचा तक्ता लावलेला होता. जे त्या दिवशी वाचलं नाही ते तिथं मोठ्या अक्षरांत होतं: संध्याकाळचा ताप, घाम, कंबर, सांधे. मी ते शेवटपर्यंत वाचलं. अंगारा लावलेलं कपाळ पुसलं.

सोमवार, १३ जानेवारी

रिपोर्ट. राजकन्येचं रक्त स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका घोटाने काही झालेलं दिसत नाही, तरी महिन्याने पुन्हा बघू, पण घाबरू नका. बाळाची हालचाल उत्तम आहे.

माझं आणि अयोध्येचं रक्त रोगी. दोघांना दीड महिना गोळ्या. बाई म्हणाल्या, मधे सोडल्या तर पुन्हा उलटतो. अयोध्येचा त्रास जुना दिसतो, माझ्यापेक्षा जास्त पसरलाय, पण बरा होईल.

घरी येताना अयोध्या राजकन्येच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. लेकीचं निभावलं म्हणून देवाचे आभार मानायला गेलो आणि अर्ध्यात थांबलो. कुणाच्या अंगावर गेलं म्हणून हिचं निभावलं, ते समोरच बसलं होतं.

उतरल्यावर अयोध्या म्हणाली, "आता आपल्या पोरीचं कळलं. दुसऱ्याच्या पोरीचं उद्या जाऊन सांगा." मग तिने समोर बसून माझ्याकडून फोन लावून घेतले. दहा घरांना सांगितलं. निरसं होतं, रोगी होतं, रक्त तपासा. दोघांनी शिव्या दिल्या. एका बाईने नुसता फोन ठेवला. डॉ. यज्ञेशनाही खरं सांगितलं. 

गुरुजींच्या घरी फोनवर सांगवेना.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

हे लातूरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितोय.

दुपारी गुरुजींच्या घरी मालविकाताईंनी दार उघडलं. काळी साडी, हातात तीळगुळाचा डबा. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी वडी माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या काका, गोड बोला." मी ती मुठीत धरून उभाच राहिलो. तशीच मूठ धरून सगळं सांगितलं.

गुरुजी खुर्चीतून म्हणाले, "अरे, पिढ्यानपिढ्या लोक निरसं पीत आले..."

"बाबा, थांबा." ताई माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"चार तारखेला."

"तुमच्या मुलीचं दूध कधी बंद केलंत?"

"पाच तारखेला सकाळी."

"आमचं?"

"दहाला."

त्या मोजत होत्या. मी वाट बघितली.

"म्हणजे पाच, सात आणि नऊ. तीन बाटल्या तुम्हाला माहीत असताना आल्या."

"हाव."

"आणि आज चौदा."

"हाव."

मी गुरुजींकडे बघितलं. माझा शब्द खोडतील किंवा माझी बाजू घेतील, दोन्हीची मला भीती होती. त्यांनी फक्त चष्मा काढला. म्हातारे एकदम लहान दिसायला लागले.

मला वाटलं ताई दार लावतील. त्यांनी मुलीला स्वेटर घातला, पर्स घेतली आणि म्हणाल्या, "तुम्ही चला. डॉक्टरांना हे तुमच्या तोंडाने सांगायचं. तारखांसकट."

रिक्षात एका कडेला ताई, दुसऱ्या कडेला मी, मधे मुलगी. ती मला ओळखते, दूधवाले आजोबा म्हणते. तिने विचारलं, "तुमच्या मुठीत काय आहे?" मी मूठ उघडली. वडी घामाने चिकट झाली होती. ती म्हणाली, "ई," आणि हसली. मग रिक्षा वळली तशी कलंडून माझ्या दंडाला टेकली आणि तशीच डोळे मिटून राहिली.

दिवस कलायला लागला होता. माझी तापाची वेळ झाली होती, गोळ्यांचा अजून दुसराच दिवस. दंडाला जिथं तिचं कपाळ टेकलं होतं तिथं चटका बसत होता. तो तिच्या अंगाचा होता की माझ्या, मला कळेना. ताईंना विचारावं, तुमचा हात लावून बघा म्हणावं, असं दोनदा ओठांवर आलं. दवाखाना येईपर्यंत मी दंड हलवला नाही.

आता रक्त घेतायत. दाराच्या आतून ती रडताना ऐकू येतेय.